अमेरिकेतल्या राज्याने बालकल्याण कायदा बदलला की पावती कोणाच्या नावावर फाटते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आला की अमेरिकेत बहुतेक राज्यांची विधिमंडळं भरतात आणि मुलांच्या संरक्षणाची बिलं (कायद्यांचे मसुदे) यायला लागतात. कुणाला तक्रार करायची सक्ती वाढवायची असते, कुणाला मूल घरातून काढायची अट कडक करायची असते, कुणाला मूल सांभाळणाऱ्या आजी-मावशीला पैसे द्यायचे असतात. भाषणं होतात, फोटो निघतात. पैशाचा कागद मात्र फारसं कोणी वाचत नाही आणि खरी गोष्ट त्याच कागदात असते, म्हणून अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी हे पान. नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतलेत, काहींची उत्तरं लांब झाली आहेत कारण विषयच तसा आहे.

हा कायदा राज्याचा का असतो, केंद्राचा का नाही?

मुलाची आबाळ म्हणजे काय, मारहाण कशाला म्हणायचं, मूल ताब्यात कधी घ्यायचं, आईबापांचे हक्क कधी संपतात, हे सगळं राज्याच्या कायद्यात लिहिलेलं असतं. फेडरल म्हणजे केंद्र सरकार पैसे देतं आणि पैशासोबत अटी घालतं. १९७४ चा कॅप्टा हा बालछळ रोखण्याचा कायदा, १९८० चा कायदा ज्याच्यातून टायटल फोर-ई नावाचा निधी आला, १९९७ चा अ‍ॅस्फा (मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने घराबाहेर दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेलं, असेल तर आईबापांचे हक्क संपवायचा अर्ज करा, काही अपवाद सोडून), आणि २०१८ चा फॅमिली फर्स्ट. म्हणजे राज्य मोकळं आहे पण पूर्ण मोकळं नाही, अट मोडली तर निधी अडकतो. म्हणून प्रत्येक बदलाला दोन हिशेब असतात, एक राज्याच्या तिजोरीचा आणि एक वॉशिंग्टनकडून येणाऱ्या पैशाचा.

फिस्कल नोट म्हणजे काय?

बिलाला जोडलेला खर्चाचा अंदाज. बिल मांडणारा आमदार तो बनवत नाही, विधिमंडळाचा तटस्थ स्टाफ किंवा बजेट ऑफिस बनवतं. टेक्सासमध्ये लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्ड, कॅलिफोर्नियात बजेटवर नजर ठेवणारं लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्ट्स ऑफिस १९४१ पासून आहे. आकडे मात्र बहुतेक वेळा खात्याकडूनच मागवले जातात, आणि हे लक्षात ठेवा, कारण ज्या खात्याला बिल नको असतं ते खर्च फुगवून सांगू शकतं आणि ज्याला हवं असतं ते "आम्ही आहे त्या स्टाफमध्ये भागवू" असं लिहून मोकळं होतं.

आणि व्हर्मॉन्ट सोडलं तर जवळपास सगळ्या राज्यांना बजेट संतुलित ठेवायची कायदेशीर अट आहे. फेडरल सरकारसारखं कर्ज काढून रोजचा खर्च चालवता येत नाही. त्यामुळे फिस्कल नोटवर मोठा आकडा आला की चांगलं बिलसुद्धा अर्थ समितीत जाऊन बसतं आणि तिथेच मरतं, कोणी विरोधात मत न देता.

एक केसवर्कर वाढवायचा म्हणजे एक पगार, एवढंच ना?

नाही हो. केसवर्कर म्हणजे अशा मुलांवर आणि घरांवर लक्ष ठेवणारा खात्याचा कर्मचारी. समजा बिलात एवढंच लिहिलंय की फॉस्टर केअरमधल्या मुलाला महिन्यातून एकदा भेटायचं त्याऐवजी दोनदा भेटा. वाचायला एक ओळ आहे. आता हिशेब मांडा. मूल नेहमी त्याच गावात ठेवलेलं नसतं, फॉस्टर घर मिळेल तिथे ठेवतात, कधी दोन-तीन तास गाडी चालवून जावं लागतं. जाऊन आलं की सिस्टिममध्ये नोंद करायची, ती वेळेत नाही झाली तर भेट झालीच नाही असं धरतात. म्हणजे एका भेटीला अर्धा दिवस गेला. आता जुन्या केसवर्करकडे तेवढीच मुलं ठेवली तर भेटी होणार नाहीत, म्हणून माणसं वाढवा. माणूस वाढला की पगार, त्यावर आरोग्यविमा आणि पेन्शन, मायलेज, लॅपटॉप, फोन, बसायला जागा. पाच-सहा केसवर्कर वाढले की एक सुपरवायझर वाढतो. नवीन माणसाला स्वतंत्र केस देण्याआधी कित्येक आठवडे ट्रेनिंग, त्या काळात पगार चालू आणि काम शून्य.

चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका या संस्थेचं जुनं मानक आहे की एका केसवर्करकडे फॉस्टर केअरमधली १२ ते १५ मुलं असावीत. बऱ्याच ठिकाणी याच्या कितीतरी जास्त असतात. आणि हा धंदा असा आहे की माणसं टिकत नाहीत, वर्षाला पाचातला एक तरी सोडून जातो, कुठे कुठे त्याहून बरेच जास्त. माणूस गेला की त्याच्या ट्रेनिंगचा खर्च पाण्यात आणि मुलाला परत नवीन चेहरा. फिस्कल नोटमध्ये ही गळती क्वचितच धरलेली असते. ३० जागा मंजूर केल्या असं लिहितात, त्यातल्या किती वर्षअखेर भरलेल्या होत्या हे विचारा.

फेडरल सरकार निम्म्याहून जास्त पैसे देतं असं ऐकलंय, मग राज्याला काय अडचण?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून नीट सांगतो.

टायटल फोर-ई मधून फॉस्टर मुलाच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचा ठरावीक टक्का राज्याला परत मिळतो. हा टक्का राज्याच्या दरडोई उत्पन्नावर ठरतो, श्रीमंत राज्याला ५०, गरीब राज्याला जास्त, कायद्याने वरची मर्यादा ८३. प्रशासनाच्या खर्चाला सरसकट ५०, ट्रेनिंगला ७५ पर्यंत. कागदावर छान दिसतं.

पण हे पैसे प्रत्येक मुलामागे मिळत नाहीत. मूल ज्या घरातून काढलं ते घर एएफडीसी या गरीब कुटुंबांच्या जुन्या मदत योजनेत बसलं असतं का, हे बघतात. ती योजना १९९६ ला बंद झाली. बंद झालेल्या योजनेचे १९९६ चे उत्पन्नाचे निकष आजही तसेच्या तसे लावले जातात, महागाई धरून वाढवलेले नाहीत! १९९६ मध्ये जे गरीब होतं त्याच डॉलरमध्ये आज गरीब असायला घर जवळपास उघड्यावरच असायला हवं. दर वर्षी महागाई वाढते आणि दर वर्षी थोडी थोडी मुलं या चाळणीतून बाहेर पडतात. बऱ्याच राज्यांत पात्र मुलं निम्म्याच्याही खाली आली आहेत. उरलेल्यांचा पूर्ण खर्च राज्याने आणि काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) करायचा. मूल तेच, मार तोच, खाणंपिणं तेच.

उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. एका राज्यात ४,००० मुलं फॉस्टर घरांत आहेत. बिल म्हणतं फॉस्टर कुटुंबाला महिन्याला फक्त १०० डॉलर वाढवा. ४,००० गुणिले १०० गुणिले १२, झाले ४८ लाख डॉलर. राज्याचा फेडरल टक्का ६०. आमदार उभा राहून सांगतो की ६० टक्के तर वरून येणार, आपल्याला १९ लाख २० हजार पडतील. पण पात्र मुलं निम्मीच आहेत. म्हणजे ६० टक्के फक्त २४ लाखांवर मिळणार, ते झाले १४ लाख ४० हजार. राज्याच्या माथी ३३ लाख ६० हजार. फेडरल वाटा ६० नाही, ३० टक्के पडला. ही चूक खूप ठिकाणी होते आणि मग दुसऱ्या वर्षी "अनपेक्षित तूट" आली म्हणून काहीतरी कापलं जातं, बहुतेक वेळा घरी जाऊन मदत करणाऱ्या सेवाच.

आणखी एक. कोविडच्या काळात २०२० पासून हा फेडरल टक्का ६.२ पॉइंटनी तात्पुरता वाढवला होता, २०२३ मध्ये तो टप्प्याटप्प्याने काढून घेतला. ज्या राज्यांनी त्या वाढीव पैशावर कायमचे खर्च लावून घेतले त्यांना नंतर हात आखडता घ्यावा लागला. तात्पुरत्या पैशावर कायमचा कायदा करू नये, एवढं साधं आहे.

फॅमिली फर्स्ट कायद्यानंतर मूल काढायच्या आधीच्या मदतीलाही पैसे मिळतात ना?

मिळतात आणि ही खरंच चांगली गोष्ट झाली. फेब्रुवारी २०१८ च्या आधी टायटल फोर-ई चा मोठा पैसा मूल घराबाहेर काढल्यावरच सुरू व्हायचा, म्हणजे घर सावरायला पैसा नाही आणि घर मोडल्यावर पैसा. आता मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि पालकत्वाचं शिक्षण यासाठी १२ महिन्यांपर्यंत मदत देता येते आणि इथे ती १९९६ ची उत्पन्नाची चाळणी लागत नाही. सप्टेंबर २०२६ पर्यंत फेडरल वाटा ५०, त्यानंतर राज्याच्या नेहमीच्या टक्क्याने.

मेख कुठे आहे तर कार्यक्रम फेडरल यादीत मान्य झालेला पाहिजे, पुराव्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. घरभाडं थकलंय म्हणून मुलं काढली जातायत, तर भाडं भरायला हा पैसा चालत नाही. आणि गरिबीच तर मूळ आहे बऱ्याच केसेसमध्ये. राज्यातल्या छोट्या संस्थांचे चांगले चालणारे कार्यक्रम यादीत नाहीत म्हणून वगळले जातात, यादीतला कार्यक्रम आणायचा तर त्याचं ट्रेनिंग, लायसन्स, मोजमाप सगळं विकत घ्यावं लागतं.

त्याच कायद्याने ग्रुप होमचे, म्हणजे बरीच मुलं एकत्र ठेवणाऱ्या संस्थांचे, पैसेही आवळले, ठरावीक निकषांत न बसणाऱ्या संस्थेत मूल ठेवलं तर १४ दिवसांनंतर राहण्याचा फेडरल वाटा बंद. हेतू चांगला आहे, मुलं संस्थेत नाही घरात वाढावीत. पण फॉस्टर घरं आधी तयार करायला पैसा लागतो आणि ग्रुप होम बंद झाल्यावरची बचत नंतर येते, मधल्या दोन-चार वर्षांत दोन्हीकडे खर्च. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये याच दिशेने मोठा कायदा केला तेव्हाही बचत वाटली तेवढ्या वेगाने आली नाही.

नोटवर "खर्च नाही" लिहिलंय. मग फुकटच झालं ना?

पेनसिल्व्हेनियाचं बघा. २०११ मध्ये सॅण्डस्की प्रकरण बाहेर आलं, फुटबॉल कोचने वर्षानुवर्षं मुलांवर अत्याचार केले होते आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांना कुणकुण होती. राज्य हादरलं, हादरायलाच हवं होतं. वीसपेक्षा जास्त कायदे बदलले, अत्याचाराची व्याख्या रुंद केली, तक्रार करणं ज्यांना सक्तीचं आहे त्यांची यादी वाढवली. बहुतेक बदल ३१ डिसेंबर २०१४ पासून लागू झाले.

मग काय झालं? लोकांनी कायद्याने सांगितलं तेच केलं, फोन केले. वर्षाच्या तक्रारी २९ हजारांवरून ४० हजारांवर गेल्या. आणि राज्याच्या हॉटलाइनवर, चाइल्डलाइनवर, फोन उचलायला तेवढी माणसं नव्हती. राज्याच्या ऑडिटर जनरलने २०१६ मध्ये सांगितलं की २०१५ या एका वर्षात जवळपास ४२ हजार फोन उत्तर न मिळता गेले, म्हणजे एकूण फोनपैकी २२ टक्के. विचार करा, शाळेतली बाई हिंमत करून फोन लावते, कायद्याने तिला लावायलाच लागतो, आणि पलीकडे रिंग वाजत राहते. त्यात कितीतरी फोन किरकोळ असतील, डबल असतील. पण कोणता किरकोळ आणि कोणता नाही हे फोन उचलल्याशिवाय कसं कळणार?

तिथेच दुसरी गोष्ट घडली. मुलांच्या आसपास काम करणाऱ्या स्वयंसेवकांना पार्श्वभूमी तपासणी सक्तीची केली आणि त्याची फी लोकांवर पडली. शाळेच्या सहलीला जाणारे पालक, चर्चमधले काका-काकू सगळे वैतागले, मग २०१५ मध्ये राज्याने स्वयंसेवकांची फी माफ केली. म्हणजे खर्च आधी लोकांच्या खिशात होता तो परत तिजोरीवर आला, मूळ हिशेबात तो नव्हताच.

म्हणून "खर्च नाही" किंवा "आहे त्या साधनांत भागवता येईल" असं दिसलं की माझ्या मते पहिला प्रश्न हाच, की आहे ती माणसं आत्ता जे करतायत त्यातलं काय सोडणार आहेत.

काउंटीचा यात काय संबंध?

खूप आहे आणि बाहेरून आलेल्यांना हे माहीत नसतं. बहुतेक राज्यांत राज्याचं खातंच सगळं चालवतं, पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिनेसोटा, कोलोरॅडो, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ डकोटा इथे काम काउंटी पातळीवर चालतं आणि राज्य देखरेख करतं. तिथे कायदा करतं एक आणि राबवतं दुसरं. काउंटीचा पैसा बराचसा प्रॉपर्टी टॅक्समधून, म्हणजे श्रीमंत काउंटी नवीन कायदा पेलते आणि शेतीवाली, रिकामी होत चाललेली काउंटी कोलमडते. एकाच राज्यात दोन मुलांना दोन वेगळे कायदे असल्यासारखं होतं.

कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये बालकल्याण काउंटीकडे आणखी सरकवलं, पण २०१२ च्या प्रोपोझिशन ३० या जनमताला टाकलेल्या प्रस्तावाने राज्याच्या घटनेत टाकून घेतलं की यापुढे राज्याने या कामांचा खर्च वाढवणारा नवीन कायदा केला तर राज्याने पैसे द्यायचे, नाहीतर काउंटीला तो पाळायची सक्ती नाही. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. मिनेसोटाने २०२४ मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर जास्त प्रमाणात काढल्या जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी कायदा केला, तिथे आधी हेनेपिन आणि रॅम्से या दोन काउंटींत २०२५ पासून आणि सगळीकडे २०२७ पासून अशी पायरी ठेवली. टप्पे पाडणं बरोबरच आहे, मात्र नोट ठरावीक वर्षांचीच असते हे लक्षात ठेवा, पूर्ण खर्च कधीकधी नोटच्या शेवटच्या रकान्यात जेमतेम दिसतो किंवा त्याच्या बाहेर जातो.

मूल काढायची अट कडक केली तर मुलं कमी येतील, मग पैसे वाचतीलच की?

फॉस्टर केअरच्या ओळीत वाचतात. देशात सप्टेंबर २०२२ च्या अखेरीला साधारण ३ लाख ६९ हजार मुलं फॉस्टर केअरमध्ये होती, काही वर्षांपूर्वी ४ लाख ३० हजारांच्या वर होती. आणि साठ टक्क्यांहून जास्त मुलांच्या बाबतीत काढण्याच्या कारणांत आबाळ हे एक कारण नोंदलेलं असतं, त्यातला मोठा भाग गरिबीला चिकटलेला आहे. टेक्सासने २०२१ मध्ये आबाळीची व्याख्या अरुंद केली, तात्काळ धोका असला पाहिजे असं म्हटलं. वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी कायदा केला, मूल काढायला "नजीकचा शारीरिक धोका" दाखवावा लागेल, लागू जुलै २०२३ पासून. दोन अगदी उलट राजकारणाची राज्यं, दिशा एकच. मला ही दिशा पटते, मुलाला आईपासून तोडणं हीसुद्धा जखमच आहे.

पण घरात राहिलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जायला पाहिजे ना! वॉशिंग्टनमध्ये नेमका तेव्हाच फेंटानिल या जहाल ओपिऑइड (अफूसारख्या) नशेच्या औषधाचा कहर होता, घरात पडलेल्या गोळ्यांनी लहान मुलं दगावण्याची भीती खरी होती. २०२४ मध्ये विधिमंडळाला परत बसावं लागलं, अशा ओपिऑइडचा जीवघेणेपणा कोर्टाने विचारात घ्यावा असं लिहिलं आणि सोबत घरी जाणाऱ्या नर्स, पाळणाघराच्या जागा अशा सेवांचीही सोय केली. त्या सेवा पहिल्या कायद्याच्या दिवसापासूनच भरपूर हव्या होत्या असं माझं स्पष्ट मत आहे. फॉस्टर केअरमधून वाचलेला प्रत्येक डॉलर घरातल्या मदतीत जाणार की जनरल फंडात, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत, परत जाणार, हे बिलात लिहून घ्यायला हवं, नाहीतर दुसरंच होतं.

कायद्यामुळे राज्याचं "उत्पन्न" बुडतं असं नोटमध्ये लिहिलं होतं. मुलांच्या खात्यात कसलं उत्पन्न?

वाचून धक्का बसेल. दोन प्रकार.

एक, आईवडील वारलेल्या किंवा अपंग असलेल्या मुलाला सोशल सिक्युरिटी या फेडरल योजनेचे पैसे मिळतात. मूल फॉस्टर केअरमध्ये असेल तर कित्येक राज्यं ते पैसे स्वतः घेऊन मुलाच्या देखभालीच्या खर्चात वळती करत आली. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कायदेशीर ठरवलं. म्हणजे बापाने आयुष्यभर टॅक्स भरला, तो गेला, त्याच्या पोराच्या नावाने आलेला पैसा राज्याने घेतला, आणि पोरगा १८ चा होऊन बाहेर पडतो तेव्हा हातात काही नाही. मेरीलँडने २०१८ मध्ये यातला काही भाग मुलासाठी साठवायचा कायदा केला, नंतर इतर राज्यंही हलली. अशा प्रत्येक बिलाच्या नोटमध्ये "महसुलात घट" असा आकडा येतो. तो पैसा मुळात मुलाचा होता हे त्या रकान्यात लिहायची सोय नाही.

दुसरं, मूल काढल्यावर आईबापांकडून चाइल्ड सपोर्ट म्हणजे मुलाच्या पालनाचा खर्च वसूल करणं. ज्या आईचं मूल घर नाही म्हणून काढलं तिलाच महिन्याला पैसे भर म्हणायचं. विस्कॉन्सिनमधल्या एका अभ्यासात दिसलं की महिन्याची ही मागणी १०० डॉलरनी वाढली की मूल घरी परत जायला साधारण साडेसहा महिने जास्त लागतात. आणि तेवढे महिने फॉस्टर केअरचा खर्च कोण करतं? राज्यच. गरिबांकडून वसुली फारशी होतही नाही. २०२२ मध्ये फेडरल खात्याने राज्यांना सांगितलं की ही वसुली अगदी क्वचितच करा, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा बदलून ती बरीचशी थांबवली.

कोर्ट आणि वकिलांचा खर्च?

अट कडक केली, सुनावणी ३० ऐवजी १४ दिवसांत ठेवा म्हटलं, की न्यायाधीश, क्लार्क, सरकारी वकील, आईचा वकील, बापाचा वकील, मुलाचा वकील, सगळ्यांचे तास वाढतात. हे पैसे बालकल्याण खात्याच्या बजेटमध्ये नसतात, न्यायखात्यात किंवा काउंटीत असतात, म्हणून सुटून जातात. पालकांना फुकट वकील मिळण्याचा सरसकट घटनात्मक हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये म्हटलंय, बहुतेक राज्यं स्वतःच्या कायद्याने देतात. २०१९ पासून पात्र केसेसमध्ये आईबाप आणि मुलांच्या वकिलांच्या खर्चातही फेडरल वाटा मागता येतो. तुमच्या राज्याच्या नोटमध्ये तो धरलाय का बघा. चांगला वकील मिळाला की मुलं लवकर घरी जातात.

सॉफ्टवेअरला एवढे पैसे कशाला?

कारण कायद्यातला एक शब्द बदलला की फॉर्म, ड्रॉपडाउन, रिपोर्ट, फेडरल डेटा सगळं बदलतं, आणि बऱ्याच राज्यांच्या सिस्टिम जुनाट आहेत. खर्च खराच असतो, पण कधीकधी नको असलेल्या बिलावर हाच आकडा फेकून मारतात. पाच बिलांनी तेच बदल मागितले असतील तर पाच वेळा पैसे लावलेत का, विचारा.

आम्हा मराठी घरांना याच्याशी काय देणंघेणं?

टॅक्स भरता, मुलं इथल्या शाळेत आहेत, तुमच्यातले कितीतरी जण डॉक्टर, शिक्षक, डेकेअरवाले आहात म्हणजे तक्रार करायची सक्ती तुमच्यावरही आहे. आणि वेळ आलीच तर भाषेचा प्रश्न येतो. फेडरल पैसा घेणाऱ्या खात्याला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली इंग्रजी नीट न येणाऱ्याला दुभाष्या द्यावा लागतो. दारात केसवर्कर उभी आहे, घरात फक्त आजी आहे आणि दहा वर्षांच्या नातवालाच भाषांतर करायला लावलं, हे चालत नाही. फोनवरच्या दुभाष्याचं बिल मिनिटावर येतं, मराठीसारख्या भाषेचा माणूस पटकन मिळत नाही. मूल काढल्यावर ३० दिवसांत मोठ्या नातेवाइकांना कळवायचा प्रयत्न करणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे, आणि आपले नातेवाईक म्हटलं की निम्मे भारतात. हे सगळं पैशाने होतं, आणि दुभाष्याची ओळ नोटमध्ये जवळजवळ कधीच नसते.

कायदा न बदलण्याचा खर्च कुठे लिहितात?

नोटमध्ये नाही लिहीत आणि माझी खरी तक्रार ही आहे. सीडीसी या फेडरल आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१५ च्या एका वर्षात सिद्ध झालेल्या बालछळाच्या केसेसचा आयुष्यभराचा आर्थिक बोजा ४२८ अब्ज डॉलर काढला, त्यात दवाखाने, खास शिक्षण, तुरुंग, बुडालेली कमाई आणि मुलांनी सोसलेल्या त्रासाची किंमतही आली. पण बचत होते ती मेडिकेडमध्ये (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात), शाळेत, तुरुंगात, वीस वर्षांनी, आणि खर्च पडतो तो बालकल्याण खात्यावर, याच वर्षी. आमदाराची टर्म दोन किंवा चार वर्षांची.

न्यू जर्सीचं उदाहरण मी नेहमी देतो. १९९९ मध्ये मुलांच्या वतीने राज्यावर केस झाली, २००३ मध्ये तडजोड, २००६ मध्ये ती परत नव्याने लिहावी लागली कारण नुसत्या कागदावर काही हलत नव्हतं. मग वेगळं खातं केलं, केसलोड खाली आणले, ट्रेनिंगला पैसा दिला आणि मुख्य म्हणजे गव्हर्नर आणि पक्ष बदलले तरी देत राहिले. घराबाहेर असलेली मुलं १२ हजारांच्या वरून ३ हजारांच्या आसपास आली. कोर्टाची देखरेख २०२३ मध्ये उठली. वीस वर्षं लागली. पैसाही भरपूर लागला. पण तो कोर्टाने मान पकडल्यावर द्यावा लागला, वकिलांच्या आणि कोर्टाने नेमलेल्या देखरेख्याच्या (मॉनिटरच्या) फीसकट, आणि मधल्या वर्षांत मोठी झालेली मुलं तशीच मोठी झाली.

मला नोट वाचायची आहे, कुठून सुरुवात करू?

विधिमंडळाच्या साइटवर बिल नंबर टाका, बिलाच्या पानावरच ती जोडलेली सापडते. सारांश सोडून द्या, सरळ गृहीतकांवर जा, म्हणजे किती मुलं, किती केसेस, किती तास धरलेत. फेडरल वाटा कितीवर लावलाय, सगळ्या मुलांवर की पात्र मुलांवर. काउंटीचा रकाना आहे का आणि त्यात "सांगता येत नाही" लिहिलंय का. लागू व्हायची तारीख नोटच्या वर्षांत बसते का. आणि बिल समितीत दुरुस्त झालं असेल तर नोट जुन्या मजकुराची तर नाही ना, हे तर आधी बघा, असं फार वेळा होतं.

व्हिसावर असलो तर समितीसमोर बोलता येतं का?

साधारणपणे सुनावणी सगळ्यांसाठी खुली असते, नागरिकत्व विचारत नाहीत, आधी नाव नोंदवायचं, बऱ्याच राज्यांत व्हिडिओवरून किंवा लेखीही चालतं. दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात भावनिक भाषण करण्यापेक्षा नोटमधली एक ओळ वाचून दाखवा आणि विचारा की या कामाला माणसं कुठून आणणार, त्याचं उत्तर रेकॉर्डवर येऊ द्या. बिल धोरण समितीतून पुढे गेलं की अर्थ समितीत कधी आहे त्यावर लक्ष ठेवा, तिथे नोटीस फार कमी दिवसांची असते आणि पैशाचा निर्णय तिथेच होतो.